एका गांवाचें जाळें

एखाद्या गांवाचा इतिहास सांगावयाचा म्हटला, म्हणजे तेथें कोणी राज्य केलें, कोणतें देऊळ कोणी बांधलें आणि कोणत्या सालीं पटकी आली, एवढें सांगून थांबण्याचा प्रघात आहे. गांव म्हणजे घरांची व माणसांची बेरीज, ही समजूत या प्रघाताच्या मुळाशीं असते. परंतु माळावर दोनशें कुटुंबें आणून बसविलीं, म्हणजे कांहीं गांव होत नाहीं. त्याला छावणी म्हणतात. उलट घरें तींच, शिवार तेंच, माणसेंहि बहुतेक तींच, आणि तरीहि गांव मोडलें, असें घडूं शकतें. सुगींत कोण कोणाच्या खळ्यावर जातो, कोणाच्या विहिरीवर कोणाचा वांटा आहे, कोणाची लेक कोणत्या गांवीं दिली, आणि रात्रीं-अपरात्रीं अडचण पडली असतां कोणाची कडी वाजवावयाची, अशा धाग्यांनीं गांव विणलेलें असतें. माणूस ही त्या विणींतील एक गांठ होय. म्हणून धागे केव्हां जुळले, केव्हां उसवले आणि उसवल्यावर पुन्हां कसे जुळले, हें सांगितल्यावांचून गांवाचा इतिहास पुरा होत नाहीं.

पूर्वीच्या अहमदनगर व २०२४ पासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, नगर शहराच्या पश्चिमेस सुमारें १७ किलोमीटरांवर हिवरे बाजार नांवाचें एक लहानसें गांव आहे. एका पिढीच्या अवधींत या गांवाचें जाळें उसवलें, आणि दुसऱ्या पिढीच्या अवधींत तें पुन्हां विणलें गेलें. दोन्ही क्रिया इतक्या थोड्या काळांत व इतक्या स्पष्टपणें घडल्या कीं, जाळीं कशीं बनतात व कालांतरानें कशीं पालटतात, हें समजण्यास याहून चांगला मासला सांपडणें कठीण.

जाळ्यांचा शास्त्रीय विचार तसा जुनाच आहे. १७३६ सालीं ऑयलर या गणितज्ञानें कोनिग्सबर्ग शहरांतील सात पूल, प्रत्येक एकदांच ओलांडून, सारें शहर फिरतां येईल काय, हा प्रश्न हातीं घेतला. जमिनीच्या तुकड्यांच्या जागीं बिंदु आणि पुलांच्या जागीं रेषा कल्पून त्यानें तें अशक्य असल्याचें दाखवून दिलें. पुढें १९३४ सालीं जेकब मोरेनो यानें हीच युक्ति माणसांना लावली. कोणाला कोणाची संगत हवी, हें विचारून त्यानें माणसांच्या संबंधांचे नकाशे काढले. हे नकाशे उद्बोधक खरे, पण ते छायाचित्रासारखे स्थिर होते. काल हें जाळें कसें होतें आणि उद्यां कसें होईल, याचा उलगडा त्यांतून होत नसे.

तो उलगडा करण्याचा मोठा प्रयत्न १९५९-६० सालीं एर्डोश व रेन्यी या दोघां हंगेरियन गणितज्ञांनीं केला. रेषा निव्वळ योगायोगानें पडत गेल्या तर काय होईल, याचा हिशेब त्यांनीं मांडला. रेषा थोड्या असतात तोंवर बिंदूंचीं लहान लहान बेटेंच राहतात. परंतु प्रत्येक बिंदूला सरासरीनें एक जोड मिळण्याची मर्यादा ओलांडली, कीं बेटें भराभर एकमेकांस लागून एक मोठा समूह तयार होतो. म्हणजे जाळ्यांतील बदल नेहमींच हळूहळू होतो असें नाहीं. पुष्कळ दिवस कांहींच झालेलें दिसत नाहीं, आणि मग थोड्याच अवधींत सगळें चित्र पालटतें.

अर्थात् माणसें एकमेकांस केवळ योगायोगानें जोडलीं जात नाहींत. मित्राचा मित्र लवकर मित्र होतो, आणि अशा रीतीनें त्रिकोण पुरे होत जातात. शिवाय ज्याच्या हातीं आधींच पुष्कळ धागे आहेत, त्याच्याकडेच नवा धागा ओढला जातो. डेरेक प्राइस यानें १९७६ सालीं आणि बाराबाशी व आल्बर्ट यांनीं १९९९ सालीं या ओढीचें गणित मांडलें. ज्याचें घर भरलेलें त्याच्याच घरीं भर, हा अनुभव मात्र आपल्याकडील शेतकऱ्याला त्याच्या फार पूर्वींपासून होता. या रीतींना आणखी एक जोडावी लागते: न वापरलेला धागा कुजतो. योगायोग, त्रिकोण, थोराकडे ओढ आणि कुजणें, या चार रीतींनीं बहुतेक जाळ्यांची घडण व मोड समजून घेतां येते.

आतां नगर जिल्ह्याकडे वळूं. देशावरील जुन्या गांवाची वीण फार दाट असे. पाटील व कुळकर्णी यांच्याकडे गांवच्या वसुलाचा व दफ्तराचा कारभार असे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादि बलुतेदारांना प्रत्येक खळ्यावर धान्याचा वांटा मिळे. हे धागे जातीच्या पायरीनें बांधलेले होते. कित्येकांना ते फांसासारखे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. परंतु एका बाजूनें धागा तुटला, तर दुसऱ्या चार बाजूंनीं माणूस धरून ठेवला जाई, हेंहि तितकेंच खरें. याच्या बाहेरचें जाळें आठवड्याच्या बाजारांचें. वाराप्रमाणें बाजार फिरत, आणि मीठ, बैल, बातमी व सोयरिकी त्यांच्याबरोबर फिरत. हिवरे गांवाच्या नांवांतील बाजार हा शब्द अशाच जुन्या दळणवळणाची आठवण देतो.

इंग्रजी अमलांत या विणीची तऱ्हाच पालटली. रयतवारी पद्धतीनें सरकारनें प्रत्येक खातेदाराशीं सरळ संबंध जोडला. सारा रोख द्यावयाचा व मुदतीवर द्यावयाचा, म्हणून खातेदार सावकाराकडे वळला. पूर्वीं शेतकरी शेतकऱ्याला आडव्या धाग्यांनीं बांधलेला होता. आतां ते धागे सैल पडूं लागले, आणि दहा घरांच्या दहा रेषा एकाच दुकानाच्या पेढीवर जाऊन मिळूं लागल्या. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ नंतर कापसाचे भाव चढले, तेव्हां कर्ज सहज मिळालें. युद्ध संपून भाव उतरले, तेव्हां तेंच कर्ज गळ्याशीं आलें.

याचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें, बाजाराच्या दिवशीं, झाला. पाहतां पाहतां दंगा नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें इत्यादि तालुक्यांत पोहोंचला. या दंग्यांत एक गोष्ट ठळकपणें दिसते. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व दस्तऐवज हस्तगत करून जाळण्याकडे होता. सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार थोडे झाले. जाळ्याच्या भाषेंत बोलावयाचें, तर त्यांना बिंदु नष्ट करावयाचा नव्हता, त्याच्याकडे जाणारी रेषा तोडावयाची होती. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कागद जाळून जुनी रेषा तुटते. तिच्या जागीं नवी आपोआप विणली जात नाहीं. त्यापूर्वींच १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला होता. माल व माणसें लोहमार्गाकडे ओढलीं जाऊं लागलीं, आणि आडवाटेच्या बाजारांचें महत्त्व ओसरूं लागलें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां हा गाडा जागोजाग खिळखिळा झालेला होता.

हिवरे बाजारला खरा धक्का बसला तो १९७२ च्या दुष्काळांत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा टापू. चांगल्या वर्षींहि पाऊस सुमारें ४०० मिलिमीटर. डोंगरावरचीं झाडें सरपणासाठीं तुटलीं होतीं, त्यामुळें पडेल तो पाऊस माती घेऊन वाहून जाई. विहिरी आटल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना त्याच सुमारास राज्यांत सुरू झाली, आणि सरकारी दुष्काळी कामांनीं लक्षावधि लोकांना जगविलें. परंतु दुष्काळ सरला, तरी हिवऱ्याच्या विहिरींना पूर्वींचें पाणी आलें नाहीं. तरणीं माणसें नगर, पुणें व मुंबईकडे जाऊं लागलीं.

स्थलांतर एकाएकीं सगळ्यांचें होत नाहीं. तें एका धाग्यावरून दुसरा धागा धरीत होतें. एकजण कारखान्यांत लागतो, तो धाकट्या भावाला बोलावतो, भाऊ मेव्हण्याला. ज्या खोलीवर आधीं चार गांवकरी राहतात, तेथेंच पांचवा येऊन पथारी पसरतो. येथें त्रिकोण व ओढ, दोन्ही रीती काम करीत होत्या. फक्त त्यांची दिशा गांवाच्या बाहेर होती. बाहेरचे धागे बळकट होत गेले, आणि गांवांतले, न वापरल्यामुळें, कुजूं लागले. ज्याच्या शेतांत कांहीं पिकत नाहीं, तो दुसऱ्याच्या खळ्यावर कशाला जाईल? मागें राहिलेल्यांत दारू, तंटे व मारामाऱ्या बोकाळल्या. सरकारी नोकराला हिवऱ्यास नेमणूक मिळणें ही शिक्षाच समजली जाई. गांव नकाशावर होतें, पण तें सुट्या धाग्यांचा गुंता होऊन राहिलें होतें.

१९८९-९० च्या सुमारास गांवांतील तरुणांनीं पोपटराव पवार यांस सरपंच होण्याचा आग्रह केला. पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर, क्रिकेटचे खेळाडू. गांवाबाहेर जाण्याचा मार्ग ज्यांना सर्वांत मोकळा होता, तेच गांवांत राहिले, ही या हकीकतींतील पहिली महत्त्वाची गोष्ट. दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. प्रारंभ पाणलोटाच्या मोठ्या योजनेनें झाला नाहीं. शाळेसारख्या, प्रत्येक घराशीं संबंध येणाऱ्या कामापासून झाला, आणि तें काम श्रमदानानें झालें.

श्रमदानाचा अर्थ केवळ फुकट मजुरी असा घेतला, तर त्याचें मर्म हातीं लागत नाहीं. मजुरी देऊन खड्डा खणतां येतो. पण ज्या दोन घरांत दहा वर्षें बोलणें नाहीं, त्यांचीं माणसें एकाच पाटीला हात लावीत आहेत, हें मजुरीनें साधत नाहीं. प्रत्येक श्रमदानानें खड्ड्याबरोबर कांहीं रेषाहि पाडल्या. पहिलीं कांहीं वर्षें बाहेरच्या माणसाला विशेष कांहीं दिसलें नसावें. एर्डोश व रेन्यी यांच्या हिशेबांतील तीं सुटीं बेटें अद्याप सुटींच होतीं.

या कामांत हिवऱ्याला शेजारचें उदाहरण उपयोगीं पडलें. पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी येथें अण्णा हजारे १९७५ पासून पाणलोटाचें काम करीत होते, आणि त्यांच्या अनुभवावरून राज्य सरकारनें १९९२ सालीं आदर्श गांव योजना काढली. हिवरे बाजार १९९४ सालीं या योजनेंत आलें. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन, अशी पंचसूत्री ग्रामसभेनें पत्करली. यांतील प्रत्येक सूत्र जाळ्यावरील क्रिया होती. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांनीं प्रत्येक घर व डोंगर यांच्यामधील एक ओरबाडणारी रेषा तोडली; आणि डोंगरावरचें गवत विळ्यानें कापून नेण्याची मुभा ठेवून, तिच्या जागीं सर्वांच्या संमतीची दुसरी रेषा जोडली. रोजगार हमीच्या पैशांतून डोंगर-उतारावर समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडें लावलीं गेलीं. पूर्वीं ज्या प्रकारच्या कामांसाठीं माणसें परगांवीं जात, तींच कामें आतां गांवच्या शिवारांत निघालीं.

मग चित्र भराभर पालटलें. प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें, १९९५ च्या पाहणींत गांवच्या १८० कुटुंबांपैकीं १६८ दारिद्र्यरेषेखालीं होतीं; पुढील दोन दशकांत हा आंकडा तिनावर आला. विहिरींची संख्या ९० वरून २९४ झाली. गवत वाढलें, तशीं दुभतीं जनावरें व दूध वाढलें. आणि ज्या धाग्यांवरून माणसें गेलीं होतीं, त्याच धाग्यांवरून सुमारें ४० कुटुंबें परत आलीं. पुण्याच्या खोलीवर बातमी पोहोंचविणारा गांवकरीच होता; फक्त बातमी उलट झाली होती.

परंतु या गोष्टीचा कस पाण्यानें पाहिला. डोळ्यांना न दिसणारें एक जाळें भूमीच्या पोटांत आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी वरच्या झिजलेल्या थरांत व खडकाच्या भेगांत साठतें, आणि भेगा शेताच्या बांधापाशीं थांबत नाहींत. एकानें शंभर मीटर खोल बोअर घेतलें, तर त्याच्या नळींतून येणारें पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचें असूं शकतें. जमीन ज्याची, तिच्याखालचें पाणी उपसण्याचा हक्क त्याचा, ही कायद्याची जुनी समजूत. तिच्या मतें प्रत्येक विहीर हा सुटा बिंदु. भूमीला ती समजूत ठाऊक नाहीं. महाराष्ट्रांत शेंकडों गांवांनीं चर खणले, बांध घातले, पाणी वाढविलें, आणि वाढलेलें पाणी बोअरांनीं व उंसानें चार-पांच वर्षांत शोषून नेलें.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेनें ठरविलें कीं, शेतीसाठीं बोअर घ्यावयाचें नाहीं, आणि ऊंस व केळीं लावावयाचीं नाहींत. हा ठराव सोपा नव्हता. श्रमदान करावयाचें तें मिळविण्यासाठीं. येथें तर हातीं आलेलें सोडावयाचें होतें, आणि तेंहि शेजारी सोडील या भरंवशावर. असा भरंवसा कायद्याच्या कलमांतून येत नाहीं. ज्यांनीं एकत्र खणलें, एकत्र भांडलें व एकत्र मिटविलें, त्यांच्यामध्यें जे त्रिकोण पुरे झालेले असतात, ते तो पुरवितात. ठराव मोडणाऱ्याला केवळ सरपंचाचें तोंड चुकवून भागत नाहीं. त्याला चुलता, सोयरा व बांधकरी यांचींहि तोंडें चुकवावीं लागतात. पुढें गांवानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढावयाचें, आणि उरेल त्यावर रब्बीचें पीक ठरवावयाचें. पाऊस कमी, त्या वर्षीं पेराहि कमी.

धाग्यांवरून केवळ बातमी व भरंवसा जातो असें नाहीं, रोगहि जातो. शहरांशीं व शेजारच्या गांवांशीं सोयरिकीच्या रेषा जुळत असतां एचआयव्हीचा धोका ओळखून ग्रामसभेनें विवाहापूर्वीं तपासणीचा नियम केला. २०२१ च्या उन्हाळ्यांत कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हां गांवच्या स्वयंसेवकांनीं घरोघरीं पाहणी करून, आजारी माणसांस वेळींच वेगळें ठेवून, ती थोड्या आठवड्यांत आटोक्यांत आणली. कोणती रेषा कांहीं दिवस तात्पुरती सोडावयाची, हें दाट विणीच्या गांवाला लवकर ठरवितां येतें.

तथापि या जाळ्याला कांहींच उणें नाहीं, असें म्हणणें वस्तुस्थितीला सोडून होईल. बाहेरच्यांस जमीन विकावयाची नाहीं, असा ठराव गांवानें केला आहे. त्यानें शिवार राखलें. पण जें जाळें आंत घट्ट असतें, तें बाहेरच्याला उघडें नसतें, हेंहि ओघानें आलें. पाण्याची समृद्धि जमिनीच्या मापानें वांटली जाते. भूमिहीनाच्या वांट्याला मजुरी, गवत व दूध येतें.

याहून मोठा प्रश्न मध्यवर्ती गांठीचा. आल्बर्ट, जेओंग व बाराबाशी यांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, ज्या जाळ्यांत पुष्कळ रेषा थोड्या बिंदूंकडे जातात, तें योगायोगाच्या आघातांना पुरून उरतें. पण त्या मोजक्या बिंदूंवरच घाव बसला, तर तेंच जाळें झपाट्यानें विस्कळित होतें. १८७५ पूर्वींच्या सावकाराच्या दुकानाकडे जशा रेषा जात होत्या, तशाच, अगदीं भिन्न हेतूनें कां होईना, एका कर्तबगार नेत्याकडेहि जाऊं शकतात. पोपटराव पवार यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. राज्याच्या आदर्श गांव योजनेचें नेतृत्वहि त्यांच्याकडे आलें. त्यांच्यानंतर ठराव टिकतील काय, हें त्यांच्या थोरवीवर अवलंबून नसून, त्यांना वगळून गांवांत किती आडव्या रेषा पडल्या आहेत, यावर अवलंबून राहील. पाण्याचा ताळेबंद चारचौघांत मांडण्याचें खरें महत्त्व येथें आहे. ज्या गांवीं विहिरीची पातळी शाळकरी मुलालाहि वाचतां येते, तेथें ज्ञान एका गांठींत अडकून पडत नाहीं.

दुसरीं गांवें हिवऱ्यासारखीं कां होत नाहींत, याचेंहि उत्तर यांतच आहे. हिवऱ्याला दरवर्षीं पुष्कळ माणसें भेट देतात, चर पाहतात, नियम टिपून घेतात आणि आपल्या गांवीं जाऊन फलकावर लिहितात. तें छायाचित्राची नक्कल करणें होय. जाळें क्रमानें वाढलेलें असतें: आधीं शाळा, मग श्रमदान, मग डोंगर, आणि त्रिकोण पुरे झाल्यावर बोअरबंदी. शेवटचा ठराव पहिल्या दिवशीं मांडला असता, तर हिवरे बाजारांतहि त्याला कोणी हात वर केला नसता. जाळ्यांच्या शास्त्राचें व इतिहासाचें येथें एकमत होतें कीं, आजची वीण समजावयाची, तर ती कोणत्या क्रमानें पडली, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पाऊस संपला म्हणजे हिवऱ्याची ग्रामसभा भरते. किती मिलिमीटर पडला, विहिरींत किती आहे, आणि यंदा काय पेरावयाचें, याचा हिशेब मोठ्यानें वाचला जातो. ज्याच्या विहिरीला पुष्कळ पाणी आहे, तोहि तेथें बसून तो हिशेब ऐकतो आणि त्याप्रमाणें आपला पेरा कमी करतो. गांव टिकलें कीं नाहीं, हें दरसाल त्या एका बैठकींत ठरतें.